आबांच्या कपाटातल्या तिघी

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या बातम्या लागल्या, की आमच्या घरचा फोन वाजायचा. माझी बायको तो कधी उचलायची नाही. "तुमचे आबा," एवढंच म्हणून ती कांदा चिरत राहायची. मी फोन कानाला लावला, की पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम प्रश्न.

"देशपांड्या, उद्या कुणाला नेऊ?"

कुणाला म्हणजे कुठल्या बंदुकीला.

आबा म्हणजे डॉक्टर आबासाहेब सरनोबत. लीड्सच्या आमच्या हॉस्पिटलात हाडांचे सर्जन. मूळचे कोल्हापूरकडचे, सहा फूट उंच, आवाज असा की ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी हातोडा मागितला तर शेजारच्या थिएटरमधली नर्सही हातोडा शोधू लागे. मी त्यांच्या पेशंटना भूल देणारा, नाशिकचा, अंडंसुद्धा न खाणारा माणूस. तरी ऑक्टोबर ते जानेवारी, शिकारीच्या हंगामात, दर दुसऱ्या शनिवारी यॉर्कशरच्या चिखलात त्यांच्या काडतुसांची पिशवी खांद्याला लावून मी उभा असे. "तुझ्या हातून आजवर कुणी दगावलं नाही, म्हणून तुला नेतो," असं त्यांचं म्हणणं. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

तर बंदुका. आबांच्या जिन्याखालच्या पोलादी कपाटात तिघी राहायच्या. थोरली, मधली आणि धाकटी.

थोरली विल्फची. विल्फ हा म्हातारा शेतकरी. त्याचा मोडलेला खुबा आबांनी बसवला, तेव्हा हे इंग्लंडात नवे होते आणि त्यांच्याशी हवामानापलीकडे कुणी बोलत नव्हतं. विल्फ बरा झाला आणि यांना शेतावर नेऊन फेझंट मारायला शिकवू लागला. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, कोंबड्याच्या जातीचा पक्षी. विल्फ गेला तेव्हा मृत्युपत्रात आपली जुनी दुनळी आबांच्या नावानं ठेवून गेला. मधली आबांनी स्वतः घेतलेली, कन्सल्टंट झाल्यावर. नेम मधलीचाच. थोरलीनं मारलेला पक्षी बहुधा आपल्या मरणानंच मरायला आलेला असे.

कोणताही शहाणा माणूस दर वेळी मधलीला नेईल. मी तसं एकदा बोलून दाखवलं.

"गप ए! थोरलीला काय वाटंल? दोन खेपा झाल्या, ती घरात बसून हाय. काल कपाट उघडलं तर माझ्याकडं बघंना."

"आबा, ती बंदूक आहे."

"म्हणून काय झालं? तू हातात घेऊन बघ की एकदा रुसल्यावर. खांद्याला लागतीच मग ती."

विल्फच्या शेतावर जायचं असलं की थोरलीच, कारण माहेर. पाऊस असला की मधली, कारण थोरलीला संधिवात. कुणाच्या खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन त्या आठवड्यात बिघडलं असलं, तर आबा मनातून खट्टू असत, मग पुन्हा थोरली, कारण "तिच्यासंगं चुकलं तरी चालतंय." अशी कारणं ऐकत मी अर्धा तास फोनवर उभा राही आणि शेवटी त्यांनी आधीच ठरवलेलं असे, त्याला होकार देई.

नलिनीवहिनींचं मत वेगळं होतं. "मला तीन सवती आहेत हो," त्या पाहुण्यांना चहा देता देता सांगायच्या. "आणि त्यांच्या खोलीची किल्ली कुठे असते, ते बायकोला कळू द्यायचं नाही, असा पोलिसांचाच नियम आहे."

पोलिसांवरून आठवलं. आबा दर वर्षी खंडेनवमीला तिघींची पूजा करायचे. एका वर्षी लायसन्सच्या तपासणीला आलेला हवालदार नेमका त्या सकाळी दारात उभा राहिला. बघतो तो काय, बैठकीच्या खोलीत पाटावर तीन बंदुका निजलेल्या, हळदकुंकू लावलेलं, वर गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू. समोर सोवळ्यात आबा.

"सर, बंदुका वापरात नसतील तेव्हा कपाटात हव्यात," तो दबकत म्हणाला.

"दे आर इन यूज," आबा म्हणाले. "शूज काढा आणि बसा."

तो बसला. आरती होईपर्यंत बसला आणि दोन पेढे घेऊन गेला. लायसन्स वाढलं. पुढच्या महिन्यात मात्र बंदूक दुरुस्तीवाल्यानं थोरलीच्या नळीत काहीतरी लाल सापडल्याचा, गंज असावा असा चिंतेचा निरोप पाठवला. आबांनी त्याला फोनवर कुंकवाचं महत्त्व समजावलं. त्यानं नळी साफ करून दिली आणि पुढं काही विचारलं नाही.

आता धाकटी. ती लहानखुरी, हलकी, देखणी, आणि तिला कधीच बाहेर नेत नसत. शुक्रवारच्या चर्चेत तिचं नावही निघत नसे. फक्त तिला तेल मात्र सगळ्यांत आधी. तिची काडतुसंही वेगळी, बारीक आणि पिवळी. थोरली-मधलीची जाड आणि लाल. या एका बाबतीत आबा माझ्यावर ओरडत. "लाल धाकटीत शिरतच न्हाई, त्याचं भ्या न्हाई. पण पिवळं चुकून थोरलीत गेलं आणि आत अडकलं, तर नळी फुटंल आणि माझा हात जाईल. मग माझं हाड कोण जोडणार, तू?" म्हणून पिवळ्यांचा डबा वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. पिशवी भरायची तीही आबांनीच, मी फक्त वाहायची.

धाकटीची गोष्ट मला वहिनींनी सांगितली. ती आबांनी रेवासाठी घेतली होती. रेवा त्यांची एकुलती एक मुलगी, लीड्समध्येच जन्मलेली. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा आबा तिला मोठ्या हौसेनं घेऊन गेले. पहिल्याच बारात तिनं फेझंटची एक मादी पाडली. पाडली, पण ती मेली नव्हती. पोरीनं बंदूक गवतात टाकली, ते पाखरू कोटात गुंडाळलं आणि घरी आणलं. रात्रभरात ते गेलं. महिनाभर रेवा बापाशी बोलली नाही, मटण कायमचं सोडलं, आणि पुढं शिकून ग्लासगोला जनावरांची डॉक्टर झाली. दर रविवारी फोन करायची. आईशी तासभर बोलणं, मग बापाशी, "बाबा, तिकडे वेदर कसा आहे?" आबा सांगायचे, "गार." झालं संभाषण. तेरा वर्षं त्या दोघांनी एकमेकांना हवामान सांगितलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आबा रिटायर होणार होते. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यांत कुरकुर, आणि वहिनींनी समुद्रकाठी बंगला ठरवला होता. त्यांची अट एकच: पोलादी कपाट त्या घरात येणार नाही. थोरली विल्फच्या बायकोकडे, डोरिसकडे परत जायची होती. मधलीला गिऱ्हाईक तयार होतं. धाकटीचं काय, हे कुणी विचारायचं धाडस केलं नाही. हंगामाचा शेवटचा शनिवार आणि आबांचाही शेवटचा. एकदाच जायचं, एकीलाच न्यायचं.

त्या शुक्रवारी फोन वाजला नाही. सहाच्या बातम्या संपल्या, हवामान संपलं. बायकोनंच सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, करा की तुम्ही. बरे आहेत ना ते?"

फोन वहिनींनी उचलला. "कपाटासमोर स्टूल टाकून बसलेत दुपारपासून. रेवा आलीय. उद्या तुमच्याबरोबर येणार म्हणतेय."

"शिकारीला? रेवा?"

"हो. म्हणते, अर्धमेलं काही पडलं तर बघायला कुणीतरी हवं."

सकाळी मी पोचलो, तेव्हा गाडीशी रेवा वेलिंग्टन बूट घालून उभी होती, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. आबा बाहेर आले. खांद्यावर कातडी खोळ होती आणि खोळ लहान होती. मी ओळखली. रेवानंही ओळखली.

"बाबा, तुम्ही ही का आणलीत?"

"तिची पाळी हाय," आबा म्हणाले आणि गाडीत बसले.

विल्फच्या शेतावर डोरिस सूप घेऊन उभी होती. तिनं थोरलीऐवजी धाकटीची खोळ पाहिली आणि आबांच्या दंडावर थोपटून म्हणाली, "क्वाइट राइट, लव्ह." थोरलीला घरी ठेवायची परवानगी आबांनी रात्रीच फोन करून तिच्याकडून घेतली होती, हे मला मागाहून कळलं.

आम्ही नेमून दिलेल्या जागी उभे राहिलो. आबा पुढं, मागं पिशवी घेऊन मी, आणि माझ्यामागं हातांची घडी घालून रेवा. पाखरं उठवणारे हाकारे रानात शिरले, काठ्या वाजू लागल्या आणि झाडांवरून फेझंट उठले. डावीउजवीकडे धडाधड बार निघू लागले. एक मोठा नर सरळ आमच्या डोक्यावरून आला. आबांनी धाकटी खांद्याला लावली, नळी त्याच्यामागून सावकाश फिरवली आणि खाली घेतली.

"गेला," ते म्हणाले.

दुसरा आला. पुन्हा तसंच. "गेला." आवाजात चक्क समाधान. तिसऱ्याला माझ्यानं राहवेना. मोतीबिंदू वाढला की काय, की बंदूक भरायचीच विसरले? मी घाईनं पिशवीत हात घातला. आत सगळी लाल. जाड. थोरलीची.

"आबा, चुकीची काडतुसं आलीत! ही धाकटीत जाणारच नाहीत!"

"ठावं हाय. मीच भरलीत."

"अहो मग..."

"तिला आवाज आवडत न्हाई रे," आबा आभाळाकडं बघत म्हणाले. "उगं भायेर आणली. तेरा वर्षं आत होती."

मी मागं वळून पाहिलं नाही. पाहवलं नसतं. रेवाचे बूट चिखलातून चपक चपक करत माझ्या बाजूनं पुढं गेले. ती बापाच्या शेजारी उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं हात पुढं केला, आबांनी धाकटी तिच्या हातात दिली. एक मादी झाडांवरून नीट आमच्याकडं आली. रेवानं नळी तिच्यामागून फिरवली, पार शेताच्या कडेपर्यंत.

"गेली," ती म्हणाली.

"झकास!" आबा ओरडले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्याचा नेम चुकला.

दिवसभरात आमच्या जागेवरून एकही पक्षी पडला नाही. जेवणाला आबांनी वहिनींचा मटणाचा तांबडा रस्सा बाकी सगळ्यांना पाजला आणि आपण रेवाबरोबर, माझ्याबरोबर डोरिसचं भाज्यांचं सूप प्यायले. मी त्यांना ओळखत होतो, तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

पुढं आबांनी धाकटीची नळी आतून कायमची बुजवून घेतली. तशा बंदुकीला लायसन्स लागत नाही. ती आता ग्लासगोला रेवाकडं भिंतीवर असते.

त्या वर्षी खंडेनवमीला मी आणि बायको आबांच्या नव्या बंगल्यावर होतो. पाट मांडलेला, पण वर ठेवायला काही नाही, म्हणून वहिनींनी भाजी चिरायची विळी आणि आबांचा जुना हाडांचा हातोडा ठेवला होता. तेवढ्यात फोन वाजला. आबा धावले. गुडघे विसरून धावले.

"आधी हळद, मग कुंकू," ते सांगत होते. "नळीत घालू नको, नुसतं वर लाव. आणि हे बघ, ग्लासगोला थंडी लई असती. तिच्या खोलीत हीटिंग लावून ठेवत जा. तू बी तिथंच बसत जा."