बिनबिबट्याची बातमी

बातमी माणसाच्या प्रकृतीला मानवणारी असावी, याविषयी आता जाणकारांत दुमत उरलेलं नाही. पूर्वी एकच बातमी रेशनच्या गव्हासारखी सरसकट सगळ्यांना वाटली जाई, आणि ज्याला बाधायची त्याला बाधे. दौंड तालुक्यात, वरवंडच्या अलीकडच्या एका वाडीत राहणाऱ्या हौसरावांना ती फारच बाधत असे. कांद्याचा भाव पडला की त्यांचं डोकं चढे, पुतण्याचा पक्ष निवडून आला की पोट बिघडे, आणि बिबट्याने कुठे कालवड नेली असं ऐकलं की दोन्ही एकदम.

त्यांचा मुलगा विक्रम कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. वडिलांची ही दशा बघून त्याने नवा टीव्ही आणला आणि त्यावर 'फक्त तुमच्यासाठी' नावाची बातम्यांची सेवा चालू करून दिली. सेवा फुकट. (मधे मधे जाहिराती लागतात, पण फुकटच्या जेवणातही मधे कुणीतरी भाषण करतंच.) न आवडलेल्या बातमीवर रिमोटचं उलट्या अंगठ्याचं बटण दाबायचं, की तसली बातमी पुन्हा दारात येत नाही. समाजाच्या आरोग्यासाठी इतकी साधी सोय इतकी वर्षं कुणाला कशी सुचली नव्हती, हे नवलच.

हौसरावांनी ते बटण असं चालवलं की त्यावरचा अंगठा पुसला गेला. देशाची प्रगती लगेच जाणवू लागली. कांदा चढला तो उतरलाच नाही. पुतण्याचा पक्ष राजकारणातून नाहीसा झाला. बिबट्या तालुक्यातून हद्दपार झाला, आणि तोही वनखात्याचा एक माणूस जागचा न हलता. जाहिराती लागत त्यासुद्धा गुडघे बरे होऊन गड चढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून समाधान व्यक्त केलं.

त्यांच्या पत्नीचं, झुंबरबाईंचं, नशीब निराळं निघालं. त्या तीच सेवा मोबाइलवर बघत. एका दुपारी बिबट्याचा व्हिडिओ चालू असताना त्यांचा डोळा लागला आणि व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत राहिला. सेवेने याची नोंद 'अपार आवड' अशी घेतली. तेव्हापासून त्यांच्या मोबाइलात दुसरं कुणी उरलं नाही. बिबट्या यवतला ढाब्यामागे, बिबट्या शिरूरला उसात, बिबट्या विहिरीत, बिबट्या पत्र्यावर. मधे जाहिरात बॅटरीची, बिबट्यापासून मान वाचवायला गळ्यात घालायच्या काटेरी पट्ट्याची आणि आयुर्विम्याची. बाई दिवस मावळायच्या आत गोठ्याला कडी घालू लागल्या.

अशा रीतीने एका छपराखाली दोन तालुके नांदू लागले. एकात बिबट्या होता, दुसऱ्यात नव्हता. ओढ्याकडेला ठसे दिसलेत, एकटे रानात जाऊ नका, असं बाई रोज जेवताना सांगत. एवढी मोठी बातमी असती तर मला आली नसती का, असं हौसराव रोज विचारत.

मग वनखात्याने पिंजरा लावायचं ठरवलं. ठसे हौसरावांच्या उसालगत होते, म्हणून पिंजराही तिथेच हवा होता. शेजारचा दगडोबा वनखात्याच्या वतीने संमती मागायला आला. हौसरावांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, टीव्ही लावला आणि तालुक्याच्या बातम्या त्याला शेवटपर्यंत दाखवल्या, जाहिरातींसकट.

"बघ. हाय का कुठं?"

"आबा, टीव्हीत न्हाई. उसात हाय."

"उसात असता तर टीव्हीत आला असता."

विषय ग्रामसभेत गेला. तिथे असं आढळलं की वाडीतल्या निम्म्या घरांत बिबट्या आहे, निम्म्या घरांत नाही आणि एका घरात बिबट्याऐवजी तरस आहे. सांगोपांग चर्चा होऊन बिबट्याचं असणं पुढच्या सभेपर्यंत तहकूब करण्यात आलं. (ठराव बिबट्याला कळवण्याची तरतूद नियमांत नाही.)

त्यानंतरच्या सोमवारी शेतीपंपाची लाईट सकाळची होती. हौसराव फावडं घेऊन उसाला पाणी द्यायला गेले. पाट फोडायला वाकले, तर लपलप असा आवाज आला म्हणून त्यांनी मान वर केली. पलीकडे बिबट्या पाणी पीत होता. मधे बैलगाडीएवढं अंतर. हौसरावांचे पाय चिखलात रुतले. गोष्ट आवडली नाही तरी समोरून जात नाही, हा अनुभव त्यांना बऱ्याच दिवसांनी येत होता. आपण मेलो तर झुंबरला कुणाच्या तोंडून कळेल, एवढं एकच त्यांच्या मनात आलं.

बिबट्याने पाणी पोटभर पिऊन त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि तो उसात शिरला.

दगडोबाची सून सारिका तेव्हा स्लॅबवर कुरडया घालत होती. तिने हे सगळं पाहिलं आणि प्रसंगावधान राखून मोबाइल काढला. (ओरडली असती तर चित्र हललं असतं.)

हौसराव घरी येऊन पायरीवर बसले. झुंबरबाई तांब्या घेऊन आल्या.

"अगं, हाय तो," ते म्हणाले. "तुझं खरं हाय."

हे ऐकायला बाई किती तरी दिवस थांबल्या होत्या. त्या खाली बसून त्यांच्या पायांवरचा चिखल धुऊ लागल्या.

"आता मी येत जाईन संगं," एवढंच म्हणाल्या.

दुपारपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर पोचला. सुरुवातीला एक जाहिरात, बिबट्या मान वर करतो तिथे दुसरी. दीड लाख लोकांनी तो पाहिला. हौसरावांना फोन आले दोन: एक विक्रमचा, घाबरलेला, दुसरा बॅटरीवाल्या कंपनीचा, त्यांना हौसराव जाहिरातीत हवे होते. हौसरावांच्या टीव्हीवर अर्थातच ही बातमी आली नाही. तिथे त्या दिवशी तालुक्यात काहीही घडलेलं नव्हतं. ते बराच वेळ बघत बसले, मग उठून दगडोबाकडे गेले आणि पिंजरा लावायला सांग म्हणाले.

आठवड्याभरात बिबट्या सापडला आणि गाडीत घालून दूर नेला गेला. वाडीतल्या निम्म्या घरांना हे माहीत नाही. त्यांच्याकडे तो कधी नव्हताच. उरलेल्या निम्म्या घरांत तो अजून रोज येतो.

तुम्ही हा व्हिडिओ पाहिला असेल, तर तुम्ही त्या दीड लाखांतले, आणि फोन तुम्हीही केला नाहीत. पाहिला नसेल, तर आपल्याकडे सगळं ठीक आहे असं समजून निवांत असा. फक्त आजवर काय काय नापसंत करून ठेवलंय, ते एकदा आठवा. ते कुठे गेलेलं नाही. फक्त ते तुमच्याकडे पाठवणं बंद झालंय.