भागीचा धागा

शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्यावं. पण धाकू मांडवकरच्या उजव्या पोटरीत दुरुस्तीला आलेली पांढऱ्या पेशींची टोळी अर्धं काम टाकून बाहेर आली आणि त्याच्या ओटीवर बसून राहिली, हे मात्र खरं आहे.

पोटरी फाटली ती गडग्यावरून उडी मारताना. साठीच्या माणसाने कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उडी मारायचं कारण नव्हतं, पण शिमगा जवळ आला की धाकूला वयाचा विसर पडे. वाडीत देवाची पालखी आली की पुढचा खांदा मांडवकरांचा. बापाने नाचवली, मग धाकूने. यंदा एकदा मनसोक्त नाचवायची आणि पुढच्या वर्षीपासून खांदा पुतण्याच्या हवाली करायचा, असं त्याने ठरवलं होतं.

पोटरी फाटल्याबरोबर टोळी आत कामाला लागली होती. फाटलेले धागे खाऊन जागा साफ करायची, हे तिचं पहिलं काम. ते चाललं की पाय सुजतो, तापतो, ठणकतो. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ती सूज बघून भावकीला राहवेना. त्यांनी शांताराम गुरवाला गाऱ्हाणं घालायला बोलावलं.

शांतारामने नारळ पुढे ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली; भावकी मागून साथ देत होती.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पायाला जी काय इडापीडा लागली आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आत बसून तरास देत आसंल, त्याला आल्या वाटेनं भायेर काढ रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टोळी धाकूबरोबरच त्या गावात वाढलेली. देवाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. सगळे हातातलं टाकून उठले, बाहेर आले आणि लाह्या सांडाव्यात तसे ओटीभर बसले. सूज उतरली. भावकी चहा पिऊन खुशीत घरी गेली. धाकू उभा राहायला गेला तो मटकन खाली बसला. पायात बळच नव्हतं.

"आता रे?" त्याने टोळीच्या मुकादमाला विचारलं.

"आता काय, मालक? देवानं भायेर काढलं."

"मग बांधकामवाल्यांना तरी पाठव."

"ते वेगळे कुठं हायत? आधी आम्ही खातो, पोट भरलं की आम्हीच बांधायला लागतो. धाग्यांत झोपलेल्या गवंड्यांना मदतीला हाक मारायची तीही आम्हीच. मलबा आत तसाच पडलाय. त्याच्यावर बांधू?"

शांतारामला पुन्हा बोलवावं लागलं. तो चांगलाच ओशाळला होता.

"सूज परत मागायची? असं गाऱ्हाणं माझ्या बापानंही कधी घातलं नाय."

"तुझ्या बापानं आम्हांला कधी हाकललंही नव्हतं," मुकादम म्हणाला.

शांतारामने घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा, चुकीनं गेलेली सूज, ठणका, ताप, जो काय सरंजाम आसंल तो ह्या लेकराच्या पायात परत लाव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी टोळीच सगळ्यांत मोठ्याने ओरडली.

शांताराम गेला. टोळी मात्र लगेच उठली नाही.

"मालक, बरं झालं थांबायला मिळालं," मुकादम म्हणाला. "एक विचारायचं होतं. फाटलाय तो धागा कुठला, ठाऊक हाय?"

"धागा तो धागा."

"असं कसं? सगळे आम्ही वळलेले. तू माडावर चढायचास, थोडं फाटायचं, संध्याकाळी आम्ही यायचो आणि होतं त्याहून जाड करून जायचो. वरचे धागे माडाचे. आतल्या अंगाचे नांगराचे. आणि फाटलाय तो भागीवयनीचा."

भागी धाकूची बायको. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

"तो खायचा?" धाकूने विचारलं.

"खावाच लागतो."

"आणि तेवढाच ठेवला तर?"

"ठेवू की. मालक तू हायस. पाय लंगडा राहील. पालखी नाय व्हायची."

धाकू पोटरीवरून हात फिरवत राहिला. मुकादम जरा जवळ सरकला.

"खाल्ल्याबिगर नवा कसा वळायचा ते आम्हांला उमगतच नाय. पोटात गेला की हात आपोआप तसाच वळतो. पण हा धागा घडला त्या दिवशी आम्ही आत होतो, मालक. नुसता भार कळत होता. वर काय चाललं होतं ते दिसलंच नाय."

मग धाकूने सांगितलं. भागीला कळा सुरू झाल्या, गाडी मिळेना, तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन तो डोंगरावरचा अख्खा सडा चढून दवाखान्यात गेला होता. वर कातळ तापलेला आणि ती पाठीवर.

"काय म्हणत व्हती वयनी?" मागून कुणीतरी विचारलं.

"शिव्या घालत होती. म्हणे, बैलाला पण एवढा घाम येत नाय, मी घसरतेय. मी म्हटलं, गप बस. तर हसायलाच लागली. कळा येतायत आणि ही हसतेय! माझ्या मानेवर सगळं हसू."

"हां," मुकादम म्हणाला. "म्हणजे मधेच भार हलायचा तो त्याच्यामुळं."

"त्याच्यामुळंच."

 मग धाकूने पाय लांब केला. "खा," तो म्हणाला. एकेक जण आत गेला. ठणका सुरू झाला तशी धाकूने भिंतीला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी फणसासारखी सुजली होती. काठी टेकत धाकू देवळात गेला. शांताराम पालखीच्या दांड्याला तेल चोळत बसला होता.

"पुढच्या खांद्याला माझं नाव धर."

शांतारामने पायाकडे बघितलं. "शिरले सगळे आत?"

"शिरले."

"आणि मुकादम?"

"तो सगळ्यांत शेवटी गेला."

"मग बरं," म्हणत शांतारामने तेलाच्या फडक्याचा अर्धा तुकडा फाडून दिला. धाकू सुजलेला पाय पसरून खाली बसला आणि दांडा पुढच्या टोकाकडून पुसायला लागला.