आर्विडनं भांडी परत केली

शेजाऱ्यांची भांडी परत करायची होती, एवढीच गोष्ट. तळाला नाव बघायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. हे काम मार्लिसनं नवऱ्याला सांगितलं, तिथंच तिचं चुकलं.

नवरा म्हणजे आर्विड टोलेफ्सरूड. मिनेसोटाच्या उत्तरेला एका गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान. ऑक्टोबरात त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं. तो अंथरुणात, मार्लिस दुकानात आणि चूल थंड. पण चूल थंड आहे हे घरच्यांना कळायच्या आत पहिला हॉटडिश दारात हजर: खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि ख्रिसमसपर्यंत खंड पडला नाही. (डॉक्टरांनी मीठ आणि चरबी बंद सांगितली होती. पण डॉक्टर परगावचे. रोज तोंड दाखवायचं होतं ते समोरच्या व्हर्नाला.)

त्या गावात उपकार करणं सोपं, आभार मानणं महाकर्मकठीण. आभारासाठी तोंड उघडलं की समोरचा बर्फाविषयी बोलायला लागतो. आर्विडनं दोनदा प्रयत्न करून पाहिला. दोन्ही वेळा हवामान तेवढं कळलं. छातीचे टाके भरून आले, पण आतलं ते ओझं काही उतरेना.

आता ओट्यावर भाजायच्या ट्रेची चळत उभी होती. सगळे ॲल्युमिनियमचे, एकाच मापाचे, कोपऱ्यांत वर्षानुवर्षांचं जळकं तेल. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

"रविवारी चर्चमध्ये दे," मार्लिस म्हणाली. "रिकामं भांडं परत करू नये. मी बार्स करून घालते."

बार्स? दोन महिने जगवलं त्या माणसांना गोड वड्या? आर्विडला ते पटेना. त्याच दुपारी दुकानात त्याची नजर एका खोक्यावर गेली. 'घरच्या घरी पावडर कोटिंग, नवशिक्यांसाठी.' खोकं दोन वर्षं फळीवर बसून होतं. (धंद्यातला नियम आहे: जो माल कुणी घेत नाही, तो शेवटी दुकानदाराच्याच गळ्यात पडतो.) आत एक बंदूक, एक वायर आणि नारिंगी पावडरीचा डबा. नारिंगी म्हणजे, हरीण समजून कुणी गोळी घालू नये म्हणून शिकारी जे जाकीट घालतात तसा, डोळ्यांत बोटं घालणारा.

शनिवारी त्यानं स्वतःला गराजमध्ये कोंडून घेतलं. आधी पट्ट्या सोलून काढल्या. रंग नीट बसायला तळ स्वच्छ हवा. (आपलं भांडं काय, बायका लांबून ओळखतात.) मग वाळूच्या फवाऱ्यानं डाग, चरे, जळकं तेल, सगळं साफ. मग एकेक ट्रे हुकाला टांगायचा, अर्थिंगची वायर लावायची आणि बंदुकीनं पावडर उडवायची. विजेच्या ओढीनं पावडर ट्रेला चिकटते आणि ओव्हनमध्ये वितळून काचेसारखी बसते. काही पावडर आर्विडच्या भुवयांनाही चिकटली, पण त्या ओव्हनमध्ये घालायच्या नव्हत्या.

आतल्या दारातून मार्लिसचा आवाज आला. "कसला वास येतोय?"

"गंमत आहे. उद्या बघ."

"ओव्हन कुठला वापरतोयस?"

"इथला, जुना. स्वयंपाकघरातला घ्यायला मी काय मूर्ख आहे?"

मार्लिस स्वयंपाकघरातला ओव्हन बघून आली. "नाही," ती म्हणाली.

सगळे नवशिके जी चूक करतात, ती आपण टाळली, या आनंदात आर्विडनं माहितीपत्रक मिटून ठेवलं. ट्रे मात्र असे निघाले की खोक्यावरच्या चित्राला लाज वाटावी. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून काहीतरी चित्रासारखं झालं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला जमले. आर्विडनं टेबलावर मांडलेल्या ट्रेंवरची चादर ओढली. कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं.

"गुळगुळीत आहेत," शेवटी शेजारची लव्हॉन म्हणाली.

"हरणांच्या मोसमात रानात विसरले तरी गोळी कुणी घालणार नाही," गॉर्डी म्हणाला. तो लव्हॉनचा नवरा.

ऐंशीच्या व्हर्नानं एक ट्रे उचलून उलटा केला. "नाव?"

"काढलं. खालूनही कोट दिलाय," आर्विड म्हणाला. "तुमचा कुठला, व्हर्ना?"

"मला काय, कुठलाही चालेल. आधी लव्हॉनला घेऊ दे."

"छे, आधी तुम्ही," लव्हॉन म्हणाली.

"मला घाई नाही बाई."

घाई कुणालाच नव्हती. आर्विड एकेक ट्रे पुढे करायचा आणि ज्याच्यापुढे करायचा तो शेजाऱ्याकडे बोट दाखवायचा. लव्हॉन मात्र प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यावरून हळूच अंगठा फिरवत होती. तिचा ट्रे तिच्या आईचा होता आणि कोपऱ्यातल्या एका डागावरून ती तो ओळखायची. डाग गेला होता. चौथ्या ट्रेशी अंगठा थांबला. तिथं एक पोचा होता.

"हा आमचा," ती म्हणाली. "आईनं एकदा बाबांच्या दिशेनं फेकला होता."

आर्विडचा जीव भांड्यात पडला. तो पडतोय तोवर मार्लिसनं आत बोट फिरवलं. "आतूनही रंग?"

"आतून दोन कोट."

"खाण्याच्या भांड्याला चालतो?"

नारिंगी भुवयांखालचा चेहरा पांढरा झाला. 'अन्नाच्या भांड्यांना वापरू नये' हे माहितीपत्रकात ओव्हनच्या सूचनेच्या लगेच खाली होतं. दुकानात तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा. (म्हणूनच खोकं खपत नव्हतं.)

"रांधायला नाही चालायचा," तो पुटपुटला.

"असू दे," व्हर्ना लगेच म्हणाली. "घरी दुसरा आहे माझ्याकडे."

"माझ्याकडेही आहे," सगळे म्हणाले. नव्हता कुणाकडेच.

आर्विडनं पुन्हा एकदा आभाराला तोंड उघडलं. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी..."

"कॉफी घे, आर्विड," व्हर्ना म्हणाली. "रात्री आणखी बर्फ पडणार म्हणे."

पण ट्रे कुणी टाकून दिला नाही. आठवड्याभरात व्हर्नाच्या अंगणात पाखरांचे दाणे नारिंगी ट्रेमध्ये दिसू लागले. गॉर्डीनं आपल्या घरचा दुसरा ट्रे गोठलेल्या तळ्यावर, गळाला लावायच्या मासोळ्या ठेवायला नेला. कुणाच्या दारात ओल्या बुटांखाली, कुणाच्या खिडकीत रोपांखाली. आईचा ट्रे लव्हॉननं भिंतीवर टांगला. दुकानाला जाताना आर्विडला गल्लीभर नारिंगी ठिपके दिसत आणि छातीतलं ओझं घराघरागणिक हलकं होई. आभार बोलता आले नाहीत, पण परत तर कुणी केले नाहीत.

एका सकाळी व्हर्नाच्या पाखरांकडे असाच भरल्या डोळ्यांनी बघत चालताना त्याचा पाय बर्फावरून सटकला. घोटा मोडला.

प्लास्टर घालून घरी येतो तो ओट्यावर हॉटडिशची रांग. आर्विडला भरून आलं. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं तो मार्लिसला म्हणाला आणि मनापासून म्हणाला.

"लागतं," मार्लिस म्हणाली. "आणि फॉइलचे ट्रेही लागतात. सकाळपासून आपल्या दुकानातले सगळे संपले."

तेव्हा त्यानं नीट पाहिलं. सगळे ट्रे पातळ फॉइलचे, वापरून टाकून द्यायचे. चिकटपट्टी या वेळी तळाला नव्हती, झाकणावर होती, आणि तिच्यावर नाव नव्हतं. व्हर्नाचं थरथरतं अक्षर होतं: 'साडेतीनशे डिग्री, पाऊण तास. मार्लिसच्या ओव्हनमध्ये. भांडं परत करू नये.'