दोन डायनामोंची बॅटरी

आमच्या शेजारचे गुरुपादप्पा बॅटरी चार्ज करत नसत, जेवू घालत. मंगळवार पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. तिच्या इंजिनाला जुना मोटारीचा डायनामो जोडून ते पेठेतल्या तीन-चार रेडिओंच्या बॅटऱ्या भरून देत. कुणी न्यायला लवकर आलं की म्हणत, "अजून अर्धपोटी हाय. पानावरनं उठवू नका की."

त्या वर्षी त्यांनी स्वतःचा रेडिओ आणला आणि जाहीर करून टाकलं, "माजी बॅटरी लई खादाड. हिला वाढायला दोघं पायजेत. दोन डायनामो."

दुसरा डायनामो समोरच्या घरात, थोरले बंधू मल्लप्पाअण्णांकडे. वाटणीत दोघांना एकेक डायनामो आला आणि तेव्हापासून सात वर्षं दोघांत बोलणं बंद. डायनामो मागायचा निरोप घेऊन मी अण्णांकडे गेलो. मी हायस्कुलात सायन्स शिकवायचो, आणि पेठेत असली कामं मास्तरांच्याच गळ्यात पडतात.

अण्णा म्हणाले, "देतो. पण जोडणार मी."

रविवारी सकाळी ते डायनामो कडेवर घेऊन आले. दोघे भाऊ हातभर अंतरावर बसले, मध्ये मी.

"मास्तर, त्याला सांगा, लाल तार लाल तारेला."

"मास्तर, त्यांना सांगा, मला अक्कल हाय."

मीही इमानेइतबारे दोन्हीकडे सांगत होतो.

इंजिन सुरू झालं. पाच मिनिटांत अण्णांच्या डायनामोचा पट्टा निसटला, तरी तो आपला गरगर फिरतोच आहे. गुरुपादप्पा ताडकन उठले. "अण्णा, तुमचा डायनामो माज्या बॅटरीतली वीज खाऊन फिरतोय की."

"सात वर्सांनी तोंड उघडलंस ते ह्यासाठी, तम्मा? दोन घास खाल्लं तर काय झालं?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"वाढायला बोलावला, आन् ह्यो पंगतीला बसला."

मग तासभर भांडले, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मी निवांत चहा प्यायलो. शेवटी अण्णा हात धुवायला आत गेले.

मी म्हणालो, "गुरुपादप्पा, ही बॅटरी एका डायनामोवरही भरते. वेळ लागेल एवढंच."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "ठावं हाय की, मास्तर. पण मग अण्णाला कशासाठी बोलवू?"

 

अण्णा हात पुसत बाहेर आले. "मास्तर, खरं सांगा. दोन लागतातच व्हय?"

"लागतातच," मी म्हणालो. "आणि दर रविवारी."