तात्यांनी बोलती केलेली मडम

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, पण त्या काळी आख्ख्या इंदापूर तालुक्यात मडमेचं इंग्रजी समजणारा मी एकलाच व्हतो," असं गेणूतात्या डाळजच्या डेअरीपुढं बसून गेली पन्नास वर्षं सांगत आले. विश्वास मात्र सगळ्यांचाच बसायचा, कारण ऐकणाऱ्यांतल्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं.

त्याचं झालं होतं असं. तात्या विशीत जत्रेतल्या तंबू टॉकीजवर तिकिटं फाडायचे. एका साली देवादिकांच्या सिनेमाची पेटी पुण्यात बदलली आणि आतून निघाला विलायती प्रेमाचा सिनेमा. मारुतीऐवजी पडद्यावर उगवली मडम. काय ती मडम! दुधाच्या सायीत बुडवून वाळत घातल्यासारखी. धाय मोकलून रडली तरी तोंडावरची पावडर जागची हलेना. पण ती बोलते काय? पब्लिक खवळलं, तंबूच्या मेखा उपटायला लागलं. मालक घामाघूम होऊन म्हणाला, "इंग्रजी कुणाला येतं का रं?"

तात्यांनी सरळ भोंगा हातात घेतला. त्यांची नजर पडद्यावर कमी आणि बायकांच्या बाजूला जास्त होती. तिकडं कन्हेरीची म्हाळसा मावशीशेजारी बसली होती. तिला एका बुलेटवाल्याचं स्थळ आलेलं. तात्यांकडं एक सायकल होती, म्हणजे असायची.

मडमेनं तोंड उघडलं की तात्यांचा भोंगा सुरू.

"मडम म्हंती, मला मोटारवाला नगो. मडम म्हंती, सायकलवाल्यागत माया कुणाला न्हाय. मडम म्हंती, बायांनो, गाडीचं पेट्रोल संपतंया, माणसाचा जीव संपत न्हाय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मडमेनं जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला आणि नेमकं रीळ तुटलं. तात्यांनी तिथंच मडमेला माघारी फिरवलं, सायकलवाल्याशी तिचं लगीन लावलं आणि अक्षता पडल्यावरच भोंगा खाली ठेवला. महिन्याभरात म्हाळसानं बुलेट नाकारली आणि भोंगेवाल्याला होकार दिला.

तेव्हापासून त्या संसाराचा आधारखांब ती मडम. भांडण कितीही पेटलं तरी शेवटी म्हाळसाबाई पदर खोचून म्हणायच्या, "त्या गोऱ्या बाईनं मोटार सोडली, मग मी कशाला कुरकुर करू?" आणि भाकरी थापायला बसायच्या.

आणि परवा बारामतीच्या कॉलेजात शिकणारी नात उत्कर्षा मोबाईल नाचवत घरात आली.

"तात्या, तुमचा सिनेमा घावला. प्रोजेक्टसाठी मी त्याला खाली मराठी अक्षरं बसवलीत. रविवारी दुपारी समाजमंदिरात आज्जीला दाखवायचा."

तात्यांच्या नाकातून चहा आला.

गावाची त्यांना भीती नव्हती. भीती एकट्या म्हाळसाबाईंची. तसं त्यांना वाचता येत नाही, बचत गटात सहीपुरती अक्षरं गिरवतात, असं तात्यांचं ठाम मत होतं. पण शेजारचं कुणी मोठ्यानं वाचलं, तर पन्नास वर्षांची भाकरी एका दुपारी करपणार होती.

रविवारी तात्या लवकर कामाला लागले. आधी वायरमनला पटवून लाईट घालवली. समाजमंदिरात इन्व्हर्टर निघाला. मग त्यांनी पडदा अगदी खाली बांधला आणि अक्षरांच्या बरोबर पुढं सहा फुटी झुंबरआबांना फेट्यासकट खुर्चीवर बसवलं. उत्कर्षानं पडदा वर घेतला आणि मोबाईल प्रोजेक्टरला जोडला. शेवटी तात्यांनी माईकच धरला.

"मंडळी, अक्षरांवर जाऊ नगा. अक्षरं पुस्तकी. मी आतलं सांगतो."

खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या आणि मडम उगवली. पन्नास वर्षांत तिचा केस पिकला नव्हता. इकडं तात्यांच्या तोंडात दोन दात उरलेले.

"मडम म्हंती, मोटार घिऊन काय करायची?"

झुंबरआबा मान वर करून अक्षर अक्षर जुळवत म्हणाले, "गेणूराव, खाली तर 'मला मोटार हवी' असं लिवलंय."

"टोमणा मारतीया ती. विलायतेत कुणी सरळ बोलत न्हाय."

"आन् 'तुझ्याकडं आहे काय, भिकाऱ्या?' ह्योबी टोमणाच का?"

"लाडानं म्हंती ती."

तेवढ्यात मडमेनं नायकाच्या कानाखाली जाळ काढला. सगळं समाजमंदिर तात्यांकडं बघायला लागलं.

"डास व्हता," तात्या म्हणाले.

हसून हसून लोकांचे फेटे सुटले. म्हाळसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. तात्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातातला माईक घामानं निसटायला लागला.

मग ती शिडी आली. मडमेनं पाय ठेवला. तात्यांनी डोळे मिटले आणि रीळ तुटायची वाट बघितली. पण मोबाईलला कुठलं रीळ? मडम चढली, मोटारवाल्यानं हात दिला, भोंगा वाजला, जहाज निघालं. गरीब बिचारा धक्क्यावर टोपी चुरगाळत उभा.

"मडम म्हंती... ट्रंक ठिवून आलेच, तू हितंच थांब," तात्या पुटपुटले.

जहाज वाटाण्याएवढं झालं, मग मोहरीएवढं. मग अक्षरं आली, 'समाप्त'.

म्हाळसाबाई उठल्या. पदर नीट केला.

"अगं, ही कॉपी डुप्लिकेट हाय," तात्या म्हणाले.

"गटाच्या मीटिंगचं प्रोसिडिंग दर महिन्याला कोण वाचतं, तुमाला ठावं न्हाय. मीच वाचते. पहिल्या अक्षरापास्नं वाचत बसलीया," म्हाळसाबाई माईकजवळ येऊन म्हणाल्या, त्यामुळं ते डाळजच्या फाट्यापर्यंत ऐकू गेलं. "लबाड बोलला तुमी. ती मोटारवाल्याबरुबर गेली. आन् मी येडी तिचं ऐकून तुमच्या सायकलवर बसले. ती सायकलबी वरातीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या चुलत्यानं माघारी न्हेली."