वांगं खरं आहे

आमच्या शेजारची मालन माझ्याशी मराठीत बोललेलं पहिलं वाक्य असं होतं : "मी साक्ष देते की हे वांगं खरं आहे."

दारात उभी होती. हातात वांगं होतं, माझ्याच मागच्या वाफ्यातलं, आदल्या दिवशी मीच दिलेलं. मी म्हटलं, "बाई, खोटं वांगं मी कशाला देईन?"

तिला काही कळलं नाही. पण वाक्य पोचलं एवढ्यावर ती खूश झाली आणि वांगं उंच धरून आपल्या घरी गेली.

मालन म्हणजे मार्लीन. अमेरिकेतल्या कुठल्याशा बटाटे पिकणाऱ्या मुलखातली. माझ्या जिभेला ते नाव वळेना म्हणून मी मालन केलं. वय माझ्याच जोडीचं, उंची ताडासारखी, पायात पुरुषी बूट. इथे कतारमध्ये, दोह्याच्या अबू हमूर भागात, तिचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच कंपाउंडमध्ये शेजारी राहतात. दोघांनी आपापल्या आया आणून ठेवल्यात. जुनं शिलाई मशीन टाकवत नाही म्हणून आणून ठेवतात, तशा.

ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी चहा टाकला. नको म्हणाली. कॉफी? तीही नको. आमची सून मेघना मध्ये बसून दोन्ही बाजूंचं सांगत होती. म्हणाली, "आई, त्या मॉर्मन आहेत, ख्रिश्चनांतला एक पंथ. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही."

"मग माणसं उठतात कशी सकाळी?" मी विचारलं. मेघनानं ते सांगितलंच नाही.

मी गवती चहा उकळला. तर नावात चहा आहे म्हणून बाई कपाला हात लावेना. शेवटी मी मागे नेऊन तिला गवत दाखवलं. तिनं हुंगलं, पात चावून बघितली आणि मग दोन कप प्यायली. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांच्यात म्हातारपणी नवरा-बायको जोडीनं धर्माच्या कामाला परदेशी जातात. मालन आणि तिचा रॉय असेच जाणार होते. रॉय आधीच वरती गेला. मग हिनं एकटीनंच नाव दिलं आणि हिला पुणं मिळालं. आता ती घरी बसून संगणकावर त्याचं शिक्षण घेत होती. म्हाताऱ्यांना भाषेची सक्ती नव्हती. पण हिनंच मराठी मागून घेतली. परीक्षेत पास झाली तर पुण्यात माणसांत काम, नापास झाली तर कुठल्याशा इंग्रजी ऑफिसात कागद लावायचे. अमेरिकेतली मुलगी रोज फोनवर सांगायची, हा नाद सोड आणि माझ्याकडे येऊन राहा. मुलीकडे राहणं म्हणजे काय ते मालनला ठाऊक होतं. शिलाई मशीनची जागा बदलणार, एवढंच.

मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मला बाटवायला आली असशील तर दार तिकडे आहे."

ती घाबरून दोन्ही हात हलवायला लागली. या देशात दुसऱ्याला धर्म सांगायला बंदी आहे आणि मालन नियमाची एवढी पक्की की मोकळा रस्ताही इकडे-तिकडे बघून ओलांडते. म्हणून तिनं तोड काढली. धडा धर्माचा असला तरी माझ्यासमोर घोकताना देवाच्या जागी भाजी घालायची. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, "भेंडीनं माझं जीवन बदललं." "दोडक्याला शरण जा." एकदा म्हणाली, "तुम्ही कधी कोबीबद्दल मनापासून विचार केला आहे का?" मी म्हटलं, "केलाय. वास येतो."

मला ती गुरुजी म्हणायची. शिकवणाऱ्याला गुरुजी म्हणतात, असं कुठंतरी वाचलं असेल. मी सांगितलं, मी काय सत्यनारायण सांगते का? पण ते सुटलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला व्याकरण येत नाही, फक्त चूक ऐकू येते, भाजीत मीठ जास्त पडल्यावर कळतं तशी.

आणि मालनच्या भाजीत मीठ पुष्कळ. निघताना 'काळजी घ्या' म्हणायचं, तर ही सगळ्यांना 'काळीज घ्या' म्हणत सुटली. मी विचारलं, "खाटकाकडे कामाला लागलीस का?" कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला तिनं वांग्याची साक्ष दिली. तो केरळचा. शांतपणे म्हणाला, "वांगा खलास, मॅडम. टुमॉरो, इन्शाल्ला."

पण तिचा खरा वैरी एकच, 'आपण' आणि 'आम्ही'.

आपल्याला हे कोणी शिकवत नाही. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. मालनच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. त्यात पुस्तकात 'आपण कसे आहात' असंही आलेलं. बाईचा पार गोंधळ उडाला. जेवून यायची आणि मला सांगायची, "गुरुजी, आपण आत्ता जेवलो." मी उपाशी.

एका शनिवारी माझा मुलगा घरी होता. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच भरतं. मालन आली आणि त्याच्याकडे बघून हसत म्हणाली, "आपण काल चर्चला गेलो. आपण खूप गायलो. गुरुजी, किती छान गायलो आपण!"

मुलाच्या हातातला पेपर खाली आला. "आई? तू चर्चला गेलीस?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं, "तिच्या आपणला विचार."

तो दिवसभर माझ्याकडे चोरून बघत होता. रात्री देवापुढे दिवा लावला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

परीक्षा जवळ आली तशी मालन वाळायला लागली. संगणकावरच्या मास्तरणीनं तिला सरळ सांगितलं होतं, बाकीच्या चुका पोटात घालते, ही घालणार नाही. कोणाच्या घरी जाऊन 'आम्ही देवाची लेकरं' म्हटलंत, तर ज्याच्याशी बोलताय तो बाहेरच राहिला. मला मास्तरणीचं पटलं. मी कप मांडून शिकवलं. तुझा कप, माझा कप, दोन्ही जवळ, आपण. तुझा कप घेऊन लांब जा, आम्ही. मालननं कप इकडून तिकडे हलवले आणि म्हणाली, "आम्ही गवत पिऊ या, गुरुजी?"

मी कपाळाला हात लावला.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी भरली वांगी घेऊन तिच्याकडे गेले. तिच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडंच असतं. आतून मराठी ऐकू आलं. मला वाटलं, तास चालू आहे, म्हणून मी दारातच थांबले.

संगणक बंद होता. टेबलाशी मालन बसली होती. समोरच्या खुर्चीवर पुरुषाचा एक जुना, कोपरं विरलेला स्वेटर अडकवला होता. मालन त्या खुर्चीशी बोलत होती.

"आपण उद्या पास होऊ, रॉय. मग आपण पुण्याला जाऊ. आपण एक छोटं घर घेऊ. तुला गरम होईल. मग आपण पंखा लावू." जरा थांबली. "काल मी गुरुजींना सांगितलं, आम्ही चाळीस वर्षं भांडलो. त्या म्हणाल्या, फक्त चाळीस?"

मी ऐकत राहिले. मीठ कुठेच जास्त नव्हतं. त्याला सांगताना आपण. मला सांगितलेलं, ते आम्ही. मला आठवलं, रॉयचं काही सांगताना ती माझ्यापाशीही कधी चुकली नव्हती. चुकायची ती बाकी सगळ्या जगाबद्दल.

माझ्या हातातलं भांडं वाजलं. मालन दचकून उठली. तोंड लालबुंद झालं. "गुरुजी, मी वेडी नाही."

"वेडी असतीस तर आपण-आम्ही चुकलं असतं," मी म्हटलं आणि भांडं टेबलावर ठेवलं. "एकदाही चुकली नाहीस. आता एक कर. उद्या त्या मास्तरणीला संगणकात बसवू नकोस. या खुर्चीत बसव."

तिनं खुर्चीकडे बघितलं. मग स्वेटर काढून त्याची घडी केली आणि मांडीवर घेऊन बसली. मी तिला वांगी वाढली. ती एकही साक्ष न देता जेवली.

पास झाली. मास्तरणीनं कुटुंबाबद्दल बोलायला सांगितलं होतं म्हणे. मालन एवढं बोलली की वेळ संपल्याचं मास्तरणीलाच सांगावं लागलं.

जाताना तिनं मला मिठी मारली. मला असलं आवडत नाही. मी म्हटलं, "पुरे. विमान सुटेल." ती गाडीत बसली, काच खाली करून ओरडली, "काळीज घ्या, गुरुजी!" आणि गेली. मागच्या वाफ्यात वांगी एवढी धरली होती की खायला माणसं पुरेनात.

दोन दिवसांनी मेघनाच्या फोनवर मालननं आपला आवाज भरून पाठवला. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. "गुरुजी, आम्ही पोचलो."

मेघना हसायला लागली. "बघा तुमची विद्यार्थिनी! गेली एकटी आणि म्हणते आम्ही पोचलो. पुन्हा चुकल्या."

"पुन्हा लाव," मी म्हटलं. तिनं पुन्हा लावलं. आम्ही पोचलो.

"काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "तू वांगी चिर."