अंगाला लागलेला शब्द

आमचे वामनराव कारकून एकदा चार पायांवर कचेरीत आले. तोंडात छत्री धरून! का, तर 'क्रॉल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ तपासायचा होता. 'शिव्हर'साठी ते भर थंडीत काळी नदीत गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि आठ दिवस तापाने फणफणले. "अंगाला लागल्याबिगर शब्द खरा न्हाई," हे त्यांचं पालुपद. जोयड्याच्या फॉरेस्ट कचेरीत सगळे त्यांना अर्धवट म्हणत, मी तर तोंडावर म्हणायचो.

इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहायच्या त्यांच्या वहीत 'रिगल'पुढची जागा कित्येक महिने कोरी होती. गांडुळांकडे बघत बसायचे बिचारे.

एके दिवशी गार्डांनी कुंभारवाड्याच्या सोमा कुणब्याला धरून आणलं. रानात सागवान तुटलं होतं आणि सोमा तिथं जवळच दिसला होता. कुऱ्हाड सापडली नव्हती, लाकूड सापडलं नव्हतं. सापडली ती फक्त त्याची चुळबुळ.

"झाड कोणी तोडलं?" फॉरेस्टच्या गोऱ्या साहेबाने विचारलं. वामनराव दुभाषे.

"म्या न्हाई, धनी," म्हणत सोमा कंबरेतून वेडावाकडा वळला.

"बघा, रिगल करतो! खोटारडा माणूस असाच वळवळतो," साहेब गरजला. "लिहा, चोर हाच!"

म्हणजे कारवारचा तुरुंग ठरलाच. पायरीवर बसलेल्या सोमाच्या आईने पदर तोंडात कोंबला.

वामनरावांचा टाक मात्र थांबला. सोमाच्या खांद्यावरच्या कांबळ्यातून कागदावर टपकन एक तांबडा मुंगळा पडला होता.

"सोमा, कांबळ्यात काय हाय रं?"

"हुमले, रावसाब. चटणीला. रानातलं काय बी न्यायचं न्हाई म्हंत्यात, म्हणून बोललो न्हाई."

वामनरावांनी कांबळ्यातलं हुमल्यांचं, त्या चावऱ्या तांबड्या मुंगळ्यांचं, पानांचं घरटं काढलं आणि, अहो, सरळ आपल्या सदऱ्यात सोडलं! साहेबासमोर असला चाळा म्हणजे नोकरीवर पाणी.

"सायब, आता मला माझं नाव विचारा."

साहेबाने विचारलं.

"वा... आई गं... वामन!"

"बापाचं?"

"गो... मेलो, मेलो... गोविंद!" वामनरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "सायब, मी बी वळवळतोय. माझं नाव खोटं व्हय?"

साहेब कितीतरी वेळ मिशीला पीळ देत राहिला. मग त्याने कागद फाडला आणि सोमाला दार दाखवलं. म्हातारीने धावत येऊन वामनरावांचे पाय धरले, हुमले हातावर चढताच सोडलेही.

संध्याकाळी मी खोबरेल घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. पाठीवर नुसत्या लाल गांधी उठल्या होत्या. मी तेल लावू लागलो तसं त्यांनी अंग चोरलं. डंख नव्हता तिथंही वळवळू लागले.

"दुखतंय का, वामनराव?"

"न्हाई."

"मग?"

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

"बायको जाऊन बारा वर्सं झाली. तवापास्नं पाठीला कुणाचा हात लागला न्हाई. सवय मोडली बघा."

मला माझीच लाज वाटली. वाटीतलं तेल संपलं होतं, तरी मी हात काढला नाही.